घर मिळालं, नोकरीचं काय? अमेरिकेतले बेघर माजी सैनिक, श्रम खातं आणि ४३ दिवसांचं कुलूप

बायूकाठची | १६ नोव्हेंबर २०२५, रविवार

नमस्कार मंडळी. विषय बरेच दिवस मनात घोळत होता. बुधवारी रात्री शटडाऊन (खर्चाला मंजुरी नसल्याने केंद्र सरकारची बरीच कामं ४३ दिवस बंद होती, तो) उठला तेव्हा ठरवलं, आता लिहायचंच.

मी ह्यूस्टनला राहते. गेली तीन वर्षं दर शनिवारी सकाळी एका छोट्या संस्थेत जाते. ही संस्था बेघर माजी सैनिकांना नोकरीला लावण्याचं काम करते. मी तिथे पगारी नाही. शेजारी बसून बायोडेटा लिहिणं, ऑनलाइन अर्ज भरणं, मुलाखतीची तालीम करून घेणं, एवढंच माझं काम. संस्थेचा खर्च मुख्यतः एका केंद्रीय अनुदानातून चालतो. बेघर माजी सैनिकांना पुन्हा कामाला लावण्याची ही योजना १९८७ च्या मॅकिनी कायद्यापासून आहे आणि सगळे तिला एचव्हीआरपी म्हणतात. पैसे माजी सैनिकांच्या खात्याकडून, म्हणजे व्हीएकडून येत नाहीत, श्रम खात्याकडून येतात. संस्था अर्ज करतात, स्पर्धेतून निवड होते. एका संस्थेला वर्षाला जास्तीत जास्त पाच लाख डॉलर, मुदत तीन वर्षं. यातून घरभाडं भरायचं नसतं. प्रशिक्षण, बसचा पास, कामाचे बूट, हत्यारं आणि मुख्य म्हणजे त्या माणसाच्या मागे लागून त्याला कामापर्यंत नेणारा केस मॅनेजर, यासाठी हा पैसा आहे.

आता या ऑक्टोबरमधली गोष्ट. एक गृहस्थ, वय पंचावन्नच्या पुढे, पूर्वी नौदलात. गाडीत झोपायचे, उन्हाळ्यात त्यांना सरकारी भाडे-व्हाउचरवर घर मिळालं. एका गोदामात फोर्कलिफ्टवर काम पक्कं झालं होतं, फक्त प्रमाणपत्र हवं होतं. ज्या केंद्रात आम्ही लोकांना पाठवायचो त्यांनी तो वर्ग बंद केला. दुसऱ्या केंद्राची फी जास्त, म्हणून एका शीर्षाखालचे पैसे दुसऱ्या शीर्षाखाली वळवायला वरून परवानगी हवी होती. एरवी हे आठ दिवसांचं काम. संस्थेने मेल पाठवली आणि क्षणात आपोआप उत्तर आलं: निधीअभावी मी सध्या कामावर नाही. मालकाने तीन आठवडे जागा धरून ठेवली, मग दुसऱ्याला दिली. त्याला तरी किती दिवस थांबवणार?

पैसे मंजूर होते. खात्यात होते. हो म्हणायला माणूस नव्हता.

त्यानंतरच्या शनिवारी ते आले. झिपच्या प्लास्टिक पिशवीत सैन्यातून सुटल्याचा कागद, ज्याला इथे डीडी-२१४ म्हणतात, चार घड्या घालून. 'चल, दुसरा अर्ज भरू,' एवढंच म्हणाले. मला रात्री झोप लागली नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तुमच्या भागात या ४३ दिवसांत काय झालं? आणि माजी सैनिकांच्या नोकरीचं काम श्रम खात्याकडे असावं, की सगळं व्हीएकडे देऊन टाकावं?

---

हिशेबनीस | १६ नोव्हेंबर

बायूताई, उत्तम धागा. माझं पोट याच कामावर आहे (सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थांचं ऑडिट), म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

लोकांना वाटतं सरकार बंद म्हणजे सगळं बंद. तसं नाही. काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, खर्चाची बारा वेगवेगळी विधेयकं करते. व्हीए एका विधेयकात, लष्करी बांधकामाबरोबर. श्रम खातं दुसऱ्यात, आरोग्य आणि शिक्षणाबरोबर. हे दुसरं विधेयक बहुधा सगळ्यात शेवटी सुटतं, कारण सगळी मोठी भांडणं त्यातच. शिवाय २००९ च्या कायद्यामुळे व्हीएच्या दवाखान्यांचे पैसे एक वर्ष आधीच मंजूर असतात. म्हणून ऑक्टोबरमध्ये दवाखाने उघडे होते आणि तुमचा अधिकारी घरी होता. २०१८-१९ चा ३५ दिवसांचा शटडाऊन आठवा. तेव्हा श्रम खात्याचे पैसे सप्टेंबरातच मंजूर झाले होते, त्यामुळे कुणाला काही जाणवलंही नाही.

आता १२ नोव्हेंबरला सही झाली त्यात काय आहे बघा. व्हीएला पूर्ण वर्षाचे पैसे मिळाले. श्रम खात्याला ३० जानेवारीपर्यंतची मुदतवाढ. म्हणजे त्याच माणसाचा दवाखाना सप्टेंबरपर्यंत निश्चिंत आणि नोकरीचं टेबल अडीच महिन्यांवर टांगलेलं.

आकडा किती? एचव्हीआरपीला अलीकडच्या वर्षांत साधारण साडेसहा कोटी डॉलर मिळतात. श्रम खात्याचा दरवर्षी मंजूर होणारा खर्च तेराशे कोटींच्या आसपास. त्यातला जेमतेम अर्धा टक्का! आणि व्हाइट हाउसने २०२६ साठी जो प्रस्ताव दिला त्यात त्या तेराशे कोटींतूनच एक तृतीयांशाहून जास्त कपात सुचवली होती. योजना वाचली तरी ती चालवणारे लोक किती उरतील, हा माझ्यासमोरचा प्रश्न आहे.

---

परागकण | १६ नोव्हेंबर

वाचून वाईट वाटलं. त्या काकांना नंतर काम मिळालं का?

---

जर्सीकर | १६ नोव्हेंबर

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका.

पैसा कमी आहे असं मला वाटत नाही, तो विखुरलेला आहे. घराचं व्हाउचर गृहनिर्माण खात्याचं, त्यावरचा समाजसेवक व्हीएचा, कुटुंबाला तातडीची मदत व्हीएच्याच दुसऱ्या योजनेतून, तात्पुरत्या निवाऱ्याचं अनुदान तिसरीकडून, नोकरीला श्रम खातं, त्यात पुन्हा राज्याच्या जॉब सेंटरमध्ये अपंग माजी सैनिकांसाठी वेगळा माणूस. मी आमच्या टाउनशिपच्या समितीवर दोन वर्षं होतो. एका बैठकीत एकाच माणसाबद्दल बोलायला पाच केस मॅनेजर आले होते आणि पाचही जणांनी त्याच्याकडून तेच फॉर्म वेगवेगळे भरून घेतले होते. तो माणूस मात्र बैठकीला नव्हता, कारण त्या दिवशी त्याला सहाव्या ऑफिसात बोलावलं होतं.

सगळं व्हीएकडे द्या. ही मागणी काँग्रेसमध्ये अधूनमधून होतेच. व्हीएचे पैसे आधी मंजूर होतात असं हिशेबनीस स्वतःच सांगतायत. मग बायूताईंच्या त्या गृहस्थांची नोकरी गेली नसती.

---

हिशेबनीस | १६ नोव्हेंबर

जर्सीकर, एक दुरुस्ती. आधी मंजूर होतात ते प्रामुख्याने दवाखान्यांचे आणि भरपाईचे पैसे, व्हीएचं सगळं नाही. याच शटडाऊनमध्ये व्हीएची प्रादेशिक कार्यालयं लोकांसाठी बंद होती, जीआय बिलाची (माजी सैनिकांच्या शिक्षणाच्या मदतीची) फोनसेवा बंद होती, दफनभूमीत कायमचे शिलालेख बसवणं थांबलं होतं. नोकरीची योजना तिकडे नेली तरी ती कुठल्या शीर्षाखाली पडेल त्यावर सगळं अवलंबून.

---

शुभ्रा | १७ नोव्हेंबर

मी व्हीएच्याच एका दवाखान्यात समाजसेविका आहे (गाव सांगत नाही). बेघर माजी सैनिकांच्या घरांचं काम बघते. जर्सीकर, तुमचा पाच फॉर्मांचा मुद्दा शंभर टक्के खरा. पण सगळं आमच्याकडे द्या म्हणाल तर माझा विरोध.

एचयूडी-व्हॅशचं, म्हणजे गृहनिर्माण खातं आणि व्हीएच्या जोड योजनेचं, व्हाउचर मिळालं की भाडेकरू आपल्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भाडं भरतो, बाकीचं व्हाउचर भरतं. उत्पन्न शून्य तर भाडं जवळपास शून्य. नोकरी लागली की भाडं वाढतं. त्यात काहींना 'कामाला असमर्थ' म्हणून व्हीएची पूर्ण दराची भरपाई मिळते. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त कमावलं तर ती जाईल, ही भीती त्यांच्या मनात खोल बसलेली असते. माझ्यासमोर बसलेला माणूस खालच्या आवाजात विचारतो, 'काम केलं तर माझं घर जाईल का?' जात नाही. पण कागद-पेन्सिल घेऊन, त्याच्या आकड्यांवर, महिन्याचा हिशेब मांडून दाखवेपर्यंत तो विश्वास ठेवत नाही. या मांडणीला दोन तास लागतात. माझ्याकडे तीसच्या वर घरं आहेत.

हा हिशेब मला एचव्हीआरपीच्या केस मॅनेजरने शिकवला. तिला गावातले मालक माहीत. कोण तुरुंगात जाऊन आलेल्याला घेतो, कुणाकडे बस जाते, कुठली पाळी पाठीला झेपेल. आम्ही दवाखान्यातले. आमच्याकडे येतो तो पेशंट म्हणून येतो, त्याची फाइल आजारांनी भरलेली असते. तिच्याकडे तोच माणूस गेला की ती पहिलं विचारते, 'तुला काय काय येतं?' मी स्वतः हा फरक एका माणसाच्या खांद्यांवर बघितलाय. ताठ होऊन बसला होता तो.

आमच्याकडे व्हीएची स्वतःची कामाची योजना आहे, ती चांगली आहे. पण तिला बाहेरच्या जगातल्या मालकांची ती ओळख नाही.

---

वाटसरू | १७ नोव्हेंबर

शुभ्राताई, प्रतिसाद दोनदा वाचला. +१

---

कृष्णाकाठ | १७ नोव्हेंबर

राम राम. मी सातारा जिल्ह्यातला, सतरा वर्षं फौजेत काढून हवालदार म्हणून उतरलो. मुलगी डॅलसला असते, गेल्या वर्षी चार महिने राहून आलो. सिग्नलला 'माजी सैनिक आहे, मदत करा' असा पुठ्ठा घेऊन उभा माणूस बघितला. जावयाला गाडी थांबवायला लावली. खाली उतरून त्याला सॅल्यूट ठोकला, त्यानंपण ठोकला. भाषा येत नव्हती, पण ठोकण्याची ढब बघून कळलं की हा खरा आहे.

मला एक कळंना. एवढा श्रीमंत देश, एवढी मोठी फौज, मग फौजी रस्त्यावर कसा? आमच्याकडे गरिबी आहे, पण पेन्शनवाला फौजी उघड्यावर झोपलेला मी तरी बघितला नाही. गावात त्याला मान असतो, घर असतं, भावकी असते.

---

बायूकाठची | १७ नोव्हेंबर

काका, तुमचा सॅल्यूट वाचून डोळे भरून आले.

पेन्शन हाच मोठा फरक. तुमच्याकडे जवानाला पंधरा वर्षांवर पेन्शन. इथे वीस वर्षं पुरी केली तरच. बहुतेक पोरं चार ते सहा वर्षांत बाहेर पडतात. शिकायला पैसे मिळतात, जखम किंवा आजार सेवेमुळे झाला हे सिद्ध केलं तर भरपाई मिळते. पण महिन्याची पेन्शन नाही. २०१८ पासून निवृत्तीच्या बचत खात्यात सरकार थोडी भर घालतं, ती म्हातारपणासाठी. बाविसाव्या वर्षी हातात रणगाडा चालवायचं कौशल्य घेऊन पोरगं बाहेर येतं आणि रणगाड्याच्या नोकऱ्या गावात नसतात.

आणि भावकी. आमच्याकडे येणाऱ्यांना 'अडचणीत फोन कुणाला करायचा' हा रकाना भरायचा असतो. अर्धे लोक तो कोरा सोडतात.

---

कृष्णाकाठ | १७ नोव्हेंबर

म्हणजे आपल्या अग्निवीरांसारखं झालं. चार वर्षं, मग चौघांतला एक आत, तीन बाहेर. हातात बारा लाखांच्या आतबाहेर रक्कम, पेन्शन नाही. पहिली तुकडी आता वर्षभरात बाहेर यायला लागंल. माझा पुतण्या त्यातच आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, पण ते आमच्यासारख्या पेन्शनवाल्यांची, वीरपत्नींची कामं करायला बांधलेलं. पंचविशीतल्या पोरांच्या लोंढ्याला नोकरी शोधून द्यायची सवय त्याला कुठं? बायूताई, तुमच्याकडची ती केस मॅनेजरची पद्धत मला नीट समजून घ्यायची आहे.

---

जर्सीकर | १७ नोव्हेंबर

काका, अग्निवीरांना निमलष्करी दलांत आरक्षण आहे. सरकारने काहीच केलं नाही असं नाही.

---

कृष्णाकाठ | १७ नोव्हेंबर

आहे की. केंद्राच्या नोकऱ्यांत माजी सैनिकांना गट क मध्ये दहा टक्के, ड मध्ये वीस टक्के कागदावर किती वर्षांपासून आहेत. मी स्वतः त्या रांगेत दोन वर्षं होतो. शेवटी पुण्यात एका सोसायटीच्या फाटकावर उभा राहिलो. जागा राखून ठेवणं निराळं आणि हाताला धरून त्या जागेवर नेऊन बसवणं निराळं.

---

वाटसरू | १८ नोव्हेंबर

अग्निवीरांसाठी वेगळा धागा काढा मंडळी, नाहीतर इथे दोनशे प्रतिसाद होतील आणि बायूताईंचा प्रश्न तळाला जाईल. (कृष्णाकाठकाका, काढाच. मी पहिला प्रतिसाद देतो.)

---

परागकण | १८ नोव्हेंबर

अमेरिकेतल्या एका बातमीत 'स्टँड डाउन' शब्द वाचला, माजी सैनिकांसाठीचा काही कार्यक्रम. कुणी सांगेल का?

---

सई_सॅक्रामेंटो | १८ नोव्हेंबर

मी सांगते, दोन वर्षं गेलेय.

लढाईतून मागे आणलेल्या तुकडीला सुरक्षित जागी विसावा द्यायचा, अंघोळ, गरम जेवण, स्वच्छ कपडे, तो स्टँड डाउन. १९८८ मध्ये सॅन डिएगोमध्ये व्हिएतनाम युद्धातल्या माजी सैनिकांनीच बेघर साथीदारांसाठी पहिला भरवला. आता देशभर होतात. एखाद्या मैदानात तंबू, त्यात न्हावी, दातांचे डॉक्टर, चष्मेवाले, व्हीएचं टेबल, जॉब सेंटरचं टेबल. काही ठिकाणी न्यायाधीश येऊन बसतात आणि न भरलेले वाहतुकीचे दंड तिथेच निकालात काढतात. दंडामुळे लायसन्स अडकलेलं असतं आणि लायसन्सवाचून काम नाही! श्रम खातं यालाही छोटं अनुदान देतं, एका दिवसाच्या कार्यक्रमाला सात हजार डॉलरपर्यंत, जास्त दिवसांच्या कार्यक्रमाला दहा हजारांपर्यंत.

आमच्या गटाने गेल्या वर्षी कांदेपोहे नेले होते. धाकधूक होती, खातील का. एक आजोबा तीनदा आले. तिसऱ्यांदा म्हणाले, 'भात कुणी असा चपटा केला ते माहीत नाही, पण त्याला माझा निरोप सांगा.' सांगितला आईला.

मला सगळ्यात लक्षात राहिली ती न्हाव्याची खुर्ची. केस कापून झाल्यावर एक जण आरशात बघत बसला तो उठेना. मागे रांग होती, पण कुणी घाई केली नाही.

---

इतिहासवेडा | १८ नोव्हेंबर

माजी सैनिक, निवारा आणि काँग्रेसचा पैसा हे त्रांगडं जुनं आहे. १९३२ मध्ये पहिल्या महायुद्धातले हजारो सैनिक वॉशिंग्टनला जमले. १९२४ च्या कायद्याने त्यांना बोनस कबूल झाला होता, पण तो हातात पडणार होता १९४५ मध्ये. मंदीत नोकऱ्या गेलेल्या, आत्ता द्या म्हणाले. ॲनाकोस्टिया नदीकाठच्या सखल जमिनीवर फळ्या-पत्र्याची वस्ती करून बायकामुलांसह राहिले. सिनेटने विधेयक फेटाळलं. जुलैअखेर जनरल मॅकआर्थरच्या हुकमतीखाली फौज घुसली, रणगाड्यांसकट, आणि ती वस्ती जळाली. सैनिकांवर सैनिक. चार वर्षांनी, १९३६ मध्ये बोनस मिळाला. १९४४ चं जीआय बिल करताना ही आठवण अनेकांच्या डोक्यात ताजी होती.

---

रानजाई | १८ नोव्हेंबर

एक बाजू राहून जातेय, बायका. माझी शेजारीण वायुसेनेत सहा वर्षं होती. घटस्फोटानंतर दोन मुलं घेऊन आठ महिने मैत्रिणींच्या सोफ्यांवर राहिली. जानेवारीत एका रात्री देशभर जी मोजणी होते ती निवाऱ्यात आणि रस्त्यावर झोपलेल्यांची. सोफ्यावरचे त्यात येत नाहीत. मी विचारलं, माजी सैनिकांसाठी मदत असते, तू का नाही गेलीस? म्हणाली, 'मी लढाईवर गेले नव्हते, मला वाटलं ते पुरुषांसाठी आहे.' एचव्हीआरपीमध्ये महिला माजी सैनिक आणि मुलं असलेल्यांसाठी वेगळी अनुदानं आहेत, हे आम्हाला दोघींनाही माहीत नव्हतं. जॉब सेंटरच्या बाईंनी सांगितलं. आज ती शाळेच्या बसचं वेळापत्रक सांभाळते.

---

हिशेबनीस | १८ नोव्हेंबर

मोजणीचा विषय निघालाच आहे तर आकडे देतो. २०१० मध्ये एका रात्रीत ७४ हजारांच्या वर बेघर माजी सैनिक मोजले गेले. जानेवारी २०२४ मध्ये ३२,८८२. निम्म्याहून खाली. त्याच २०२४ मध्ये देशातले एकूण बेघर ७,७१,४८० होते, मोजणी सुरू झाल्यापासूनचा सर्वाधिक आकडा. रानजाईंचा आक्षेप मान्य करूनही हा फरक मोठा आहे. घरभाडी सगळ्यांनाच महागली, मग सैनिकांचा आकडाच का उतरला? त्यांच्यासाठी व्हाउचर होती, मागे माणूस होता आणि दोन्ही पक्ष पैसे देत राहिले. पैसा वाया जातो म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत.

---

जर्सीकर | १९ नोव्हेंबर

शुभ्राताईंचा प्रतिसाद रात्री बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, 'तुला फॉर्म एक करायचे आहेत, खाती नव्हे.' बरोबर आहे तिचं. श्रम खात्याला या कामातून काढा, हा माझा आग्रह मागे घेतो. फॉर्मांचा मात्र सोडत नाही. माणसाने डीडी-२१४ एकदा दाखवला की बास झालं पाहिजे.

---

शुभ्रा | १९ नोव्हेंबर

त्या आग्रहात मी तुमच्याबरोबर आहे. आणि वहिनींना नमस्कार सांगा.

---

बायूकाठची | २२ नोव्हेंबर, शनिवार

आत्ताच संस्थेतून आले. सगळ्यांचे आभार, विशेष करून शुभ्राताईंचे. तुमचा तो भाड्याचा हिशेब मी कागदावर उतरवून घेतला आणि आज वापरलासुद्धा.

माझ्या दुसऱ्या प्रश्नावर आता माझं मत पक्कं झालंय. काम श्रम खात्याकडेच राहावं, पण व्हीएच्या दवाखान्यांसारखे या योजनेचे पैसे, आणि मंजुरी देणाऱ्या माणसांचे पगारही, एक वर्ष आधी मंजूर व्हावेत. आमच्या भागाच्या प्रतिनिधीच्या कार्यालयाला हेच लिहिते आहे. हिशेबनीस, मसुदा पाठवते, आकडे तपासून द्याल का? इथल्या मतदारांनी आपापल्या प्रतिनिधीला लिहिलं तर ३० जानेवारीच्या आत लिहा.

परागकण, तुम्ही विचारलं होतंत. परवानगीची मेल गुरुवारी आली. फोर्कलिफ्टचा वर्ग एक डिसेंबरपासून आहे. जुनी जागा गेली ती गेलीच. आज दुसऱ्या दोन गोदामांचे अर्ज भरले. उन्हाळ्यात पहिला अर्ज भरताना ते पत्त्याच्या रकान्यापाशी थांबले होते आणि 'इथे काय लिहू?' म्हणाले होते. तेव्हा आम्ही संस्थेचा पत्ता टाकला होता. आज मी सवयीने तोच टाइप करायला लागले. त्यांनी माझा हात थांबवला आणि आपला पत्ता सांगितला, रस्ता, नंबर, अपार्टमेंट दोनशे चार, पिनकोडसकट. मग म्हणाले, 'एकदा वाचून दाखव.'